इंग्लंडच्या लाँगबोचा इतिहास कसा अभ्यासावा

मध्ययुगीन युरोपातील धनुर्विद्येविषयी वाचायला घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची सुरुवात एखाद्या लढाईपासून होते. क्रेसी (१३४६), प्वातिए (१३५६) किंवा आझँकूर (१४१५, इंग्रजी उच्चाराने ॲजिनकोर्ट) यांपैकी एखाद्या मैदानावर इंग्लंडच्या धनुर्धरांनी फ्रान्सच्या चिलखती सरदारांची दाणादाण उडवली, हे वाचून झाले की लांब धनुष्य, म्हणजेच लाँगबो, हे काहीतरी अद्भुत शस्त्र असले पाहिजे असा ग्रह होतो, आणि पुढचे सगळे वाचन नकळत त्या ग्रहाच्या सोयीने होत राहते. हा क्रम उलटा करावा, असे माझे सांगणे आहे. आधी लाकूड पाहावे, मग ते वाकवणारे शरीर, मग त्या शरीराला दर रविवारी सरावाला उभे करणारा कायदा, मग त्याला मिळणारा रोज, आणि रणांगण सर्वांत शेवटी. या वाटेने गेलेल्या वाचकाला लढाईच्या वर्णनातील कोणते विधान धरावे आणि कोणते सोडून द्यावे, हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही. येथे विचार केला आहे तो मुख्यतः इंग्लंडचा आणि साधारण तेराव्या ते सोळाव्या शतकांचा.

आकार आणि नाव

पहिले काम डोळ्यांपुढचे चित्र बदलण्याचे आहे. मराठी वाचकाच्या मनात धनुष्य म्हटले की मुघल लघुचित्रांतले, टोके पुढे वळलेले, दुहेरी बाकाचे धनुष्य येते. ते धनुष्य लाकडाचा गाभा, आतल्या अंगाला शिंग आणि बाहेरच्या अंगाला जनावरांचे स्नायुतंतू सरसाने एकत्र चिकटवून बनत असे. दोरी उतरवली की ते उलट दिशेला वळे, आणि त्याची दोरी अंगठ्यात कडी घालून ओढली जाई. लाँगबोची जात निराळी आहे. ती एका लाकडाची, माणसाच्या उंचीएवढी किंवा तिच्याहून लांब अशी काठी असून तिचा आडवा छेद इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा दिसतो, दोन्ही टोकांवर शिंगाच्या खाचदार टोप्या बसवलेल्या असतात, आणि दोरी बोटांनी ओढतात. आपल्याकडे फारसीतला ‘कमान’ हा शब्द दारावरच्या गोलाईसाठी राहिला आणि धनुष्याचा अर्थ मागे पडला. पण तिरकमठ्यातला बांबूचा कमठा रचनेच्या दृष्टीने लाँगबोचा जवळचा भाऊबंद आहे, कारण दोन्हींत एकाच द्रव्याकडून ताण आणि दाब सोसण्याची कामे करून घेतली जातात. संग्रहालयात धनुष्य समोर आले की म्हणून आधी एवढेच विचारावे, की हे एकसंध आहे की चिकटवलेले. त्या एका उत्तरावरून ते कोणत्या हवामानात टिकेल, किती काळात तयार होईल आणि घोड्यावरून चालवता येईल का, याचा बराचसा उलगडा होतो.

दुसरी सावधगिरी नावाविषयी आहे. चौदाव्या शतकातील हिशेबांत आणि हुकुमांत बहुधा नुसते ‘धनुष्य’ असेच येते; ‘लाँगबो’ हा वेगळेपणा दाखवणारा शब्द नंतर रुळला. त्यामुळे अमुक राजाने लाँगबो ‘आणला’ किंवा वेल्समध्ये त्याचा ‘शोध लागला’ अशी वाक्ये दिसली की थोडे थांबावे. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ‘ओत्सी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाजवळ यू वृक्षाच्या लाकडाचे, अर्धवट घडवलेले धनुष्य होते आणि त्याची लांबी १.८२ मीटर होती. मध्ययुगात नवे झाले ते धनुष्याचे माप नव्हे. हजारो माणसांनी एका वेळी जबर ताणाची धनुष्ये ओढावीत अशी व्यवस्था नवी होती. वेल्सचा दाखला अर्थातच महत्त्वाचा आहे. ११८८ साली तिथे प्रवास केलेल्या जेराल्ड या पाद्र्याने ॲबरगॅवेनीच्या किल्ल्याच्या ओकच्या दरवाजात तळहाताएवढ्या जाडीतून बाण आरपार गेल्याचे लिहून ठेवले आहे. पण तीच नोंद पुढे वाचली तर दक्षिण वेल्समधल्या ग्वेंटच्या लोकांची ती धनुष्ये यूची नसून रानटी एल्म झाडाची, ओबडधोबड आणि बिनतासलेली होती असे आढळते. दाखला अर्धाच उद्धृत करण्याची सवय या विषयात फार पसरलेली आहे, म्हणून शक्य तेथे मूळ उतारा पूर्ण वाचावा.

लाकूड, पिसे आणि लोखंड

यू हा सूचिपर्णी वृक्ष आहे आणि त्याचा एक भाऊबंद हिमालयातही वाढतो. त्याच्या खोडात साल काढल्यावर बाहेरचा पांढरट थर ताण चांगला सोसतो आणि आतला तांबूस गाभा दाब चांगला सोसतो. धनुष्य ओढले की धनुर्धरापासून दूर असलेली पाठ ताणली जाते आणि त्याच्याकडची बाजू दाबली जाते, त्यामुळे कारागीर पांढरा थर पाठीला आणि गाभा आतल्या अंगाला येईल अशा बेताने फळी फोडतो. आशियातील कारागिराने शिंग आणि स्नायू चिकटवून जे साधले, ते इथे झाडानेच वाढता वाढता करून ठेवलेले असते. मात्र त्यासाठी लाकूड सरळ, गाठी नसलेले आणि सावकाश वाढलेले, म्हणजे दाट वर्तुळांचे लागते, आणि इंग्लंडच्या सौम्य हवेत वाढलेला यू या परीक्षेत बऱ्याचदा नापास होई. चांगल्या काठ्या स्पेन, इटली, आल्प्स आणि बाल्टिकच्या बाजूने येत.

इथे वाचकाने कायद्यांकडे वळावे, कारण टंचाई कुठे होती हे कायदेच सांगून टाकतात. १४७२ साली चौथ्या एडवर्डने असा नियम केला की इंग्लंडच्या बंदरात येणाऱ्या व्यापारी जहाजाने मालाच्या दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. १४८४ साली तिसऱ्या रिचर्डने गोड माम्झी दारूच्या प्रत्येक पिंपामागे दहा काठ्यांची अट घातली. ज्या शस्त्राला आपण ‘अस्सल इंग्रजी’ म्हणून ओळखतो, त्याचे लाकूड भूमध्य समुद्राकडून दारूच्या पिंपांबरोबर येत होते, ही गोष्ट एकदा मनात बसली की राष्ट्राभिमानाने लिहिलेल्या अर्ध्याअधिक लेखनाचा सूर आपोआप खाली येतो.

बाणांकडे याहून जास्त लक्ष द्यावे, कारण धनुष्य वर्षानुवर्षे टिकते आणि बाण एका दुपारी संपतात. बाण २४ च्या जुडीने मोजत. काडीसाठी ॲस्पेन, म्हणजे पॉप्लरच्या कुळातील हलके लाकूड, फार वापरले जाई, आणि १४१६ साली पाचव्या हेन्रीच्या राज्यात खडावांसारखी लाकडी पादत्राणे बनवणाऱ्यांना ॲस्पेन वापरण्यास कायद्याने मनाई झाली. पुढच्या वर्षी हंसांच्या पंखांतील सहा सहा पिसे गोळा करण्याचा हुकूम जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना गेला. त्याआधी १४०६ मध्ये चौथ्या हेन्रीच्या कायद्याने बाणांची टोके नीट तापवून, पोलादाने कडक करून त्यांवर बनवणाऱ्याची खूण उमटवावी, असे ठरवले होते. खडावा करणारा, हंस पाळणारी शेतकरीण आणि गावचा लोहार ही तिन्ही माणसे फ्रान्सच्या मोहिमेत अशी गुंतली होती. लंडनमध्ये धनुष्य करणारे आणि बाण करणारे यांचे धंदे १३७१ साली बाण करणाऱ्यांच्याच अर्जावरून वेगळे झाले, आणि आपल्याकडे सुतार, लोहार, कासार ही आडनावे उरली तशी इंग्लंडात बोयर (धनुष्य करणारा), फ्लेचर (बाण करणारा), स्ट्रिंगर (दोरी करणारा) आणि ॲरोस्मिथ (बाणाची टोके करणारा) ही आडनावे उरली आहेत.

ओढणारे शरीर

या विषयातला सर्वांत मोठा भौतिक पुरावा बुडालेल्या जहाजातून आला आहे. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्टस्मथजवळ बुडाले आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. त्यात सुमारे १७० धनुष्ये आणि ३,५०० हून अधिक बाण मिळाले. धनुष्यांची लांबी सुमारे १.८७ ते २.११ मीटर आहे, आणि प्रतिकृतींवरून व गणितावरून काढलेला त्यांचा ताण १०० ते १८५ पौंड, म्हणजे अंदाजे ४५ ते ८४ किलो इतका भरतो. हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ताण म्हणजे धनुष्याचे वजन नव्हे, तर दोरी पूर्ण मागे ओढलेली असताना बोटांवर येणारे ओझे होय. आजच्या ऑलिंपिक पुरुष खेळाडूंच्या धनुष्याचा ताण साधारण २० ते २२ किलोच्या आसपास असतो, त्याच्याशी तुलना करावी. आणि ही धनुष्ये आझँकूरनंतर १३० वर्षांनी बुडालेली आहेत, त्यामुळे त्यांचे माप १४१५ च्या धनुर्धराच्या हातात जसेच्या तसे ठेवून चालत नाही. त्या जुन्या लढायांच्या मैदानांवरून असा साठा मिळालेला नसल्याने अभ्यासक मेरी रोझवरून मागे जातात, हे खरे आहे. पण मागे जाताना ते तसे करत आहेत हे त्यांनी सांगितलेले आहे का, हे वाचकाने पाहिले पाहिजे.

एवढा ताण ओढणारी माणसे लहानपणापासून घडवावी लागत. सहाव्या एडवर्डपुढे १५४९ साली केलेल्या प्रवचनात ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने आपल्या वडिलांची आठवण सांगितली आहे: त्यांनी त्याला वयाच्या आणि ताकदीच्या मानाने टप्प्याटप्प्याने मोठी धनुष्ये विकत घेऊन दिली, आणि इतर देशांतले लोक नुसत्या हातांच्या जोरावर ओढतात तसे न ओढता सगळे शरीर धनुष्यात घालायला शिकवले. १५४१ च्या कायद्याने तर सात वर्षांवरील प्रत्येक मुलाला वडिलांनी धनुष्य आणि दोन बाण द्यावेत असे बंधनच घातले होते. मेरी रोझवरील सांगाड्यांत खांद्याच्या पात्याचे टोक उरलेल्या हाडाशी न जुळल्याचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आढळले, आणि कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. हा संबंध पटण्यासारखा आहे, पण अशी न जुळलेली हाडे इतर कारणांनीही होतात. म्हणून एका सांगाड्यावर बोट ठेवून ‘हा धनुर्धर’ असे म्हणणारा लेख दिसला तर त्याच्याबरोबर आणखी कोणता पुरावा दिला आहे हे शोधावे.

शरीराच्या या हिशेबातूनच फ्रान्सने लाँगबो का उचलला नाही, या जुन्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर निघते. क्रॉसबो, म्हणजे दांड्यावर आडवे बसवलेले आणि खटका दाबून सोडायचे धनुष्य, चालवायला काही आठवड्यांत शिकता येते. त्याचा दणका जबर असला तरी दर बाणागणिक तो पुन्हा ताणून बसवावा लागतो, त्यामुळे वेळ जातो. लाँगबोवाला तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि दहा-पंधरा वर्षे गावोगाव सराव चालू ठेवणारी व्यवस्था नसेल तर राजाने कितीही धनुष्ये विकत घेतली तरी ती भिंतीला टांगलेली राहतात. फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स याने १४४८ साली प्रत्येक पॅरिशमधून, म्हणजे एका चर्चच्या गावहद्दीतून, एक धनुर्धर घेऊन त्याला करमाफी देण्याचा प्रयोग केला, ‘करमुक्त धनुर्धर’ असेच त्यांचे नाव पडले. पण काही दशकांतच, १४७९ च्या गिनगातच्या लढाईनंतर, अकराव्या लुईने ते दल मोडून टाकले.

कायदा कसा वाचावा

धनुर्विद्येविषयीचे इंग्लंडचे कायदे यादी करून वाचले तर फार शिस्तबद्ध राष्ट्राचे चित्र उभे राहते. १२५२ च्या आणि १२८५ च्या विंचेस्टरच्या नियमांनी मालमत्तेच्या प्रमाणात कोणी कोणती शस्त्रे घरी ठेवावीत हे ठरवले आणि त्यांत खालच्या उत्पन्नाच्या लोकांकडे धनुष्यबाण सोपवला. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने हुकूम काढला, की सणावाराच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी धनुष्याचा सराव करावा आणि फुटबॉल, हँडबॉल, काठीने चेंडू मारण्याचे खेळ व कोंबड्यांच्या झुंजी बंद कराव्यात, नाहीतर तुरुंग भोगावा. स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्सने १४५७ साली फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घातली, आणि गोल्फच्या इतिहासातला हा सर्वांत जुना लेखी उल्लेखांपैकी एक मानला जातो, हे गमतीचे आहे.

पण एकच हुकूम पुन्हा पुन्हा निघतो तेव्हा तो पाळला जात नाही, असाच अर्थ घ्यावा. लोक सराव करत असते तर राजाला दर पिढीत फुटबॉलवर चिडावे लागले नसते. म्हणून कायद्यातून सरावाचे प्रमाण काढू नये. त्यातून राज्यकर्त्यांना काय हवे होते आणि काय कमी पडत होते, एवढेच काढावे. १३८८ चा केंब्रिजचा कायदा या दृष्टीने फार बोलका आहे. त्याआधी सातच वर्षे, १३८१ साली, शेतकऱ्यांनी बंड करून लंडनमध्ये शिरून कँटरबरीच्या आर्चबिशपचे मुंडके उडवले होते. एवढे होऊनही दुसऱ्या रिचर्डच्या राज्यातील या कायद्याने नोकर-मजुरांना तलवार आणि कट्यार बाळगायची मनाई केली, परंतु धनुष्यबाण मात्र घरी ठेवून रविवारी वापरावा असेच सांगितले. ज्यांची भीती वाटते त्यांच्याच हाती ते शस्त्र ठेवणे भाग पडावे, यापेक्षा त्या शस्त्राची गरज अधिक स्पष्टपणे कोण सांगणार?

धार्मिक कायद्याबाबत एक दुरुस्ती इथेच सांगितली पाहिजे. चर्चच्या ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध क्रॉसबोवर बंदी घातली, असे सर्रास लिहिले जाते; त्या नियमात क्रॉसबोवाल्यांबरोबर साधे धनुर्धरही आहेत. बंदीचा परिणाम किती झाला, याचे उत्तर म्हणून इंग्लंडचा पहिला रिचर्ड ११९९ साली फ्रान्समधल्या शालूच्या किल्ल्यापुढे क्रॉसबोच्याच बाणाने मेला, हे पुरेसे आहे.

रोज आणि हजेरीपट

लढाईआधीचा शेवटचा टप्पा हिशेबाच्या कागदांचा आहे, आणि माझ्या मते हाच सर्वांत दुर्लक्षित व सर्वांत उपयोगी आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडचे राजे सरदारांशी लेखी करार करून सैन्य उभारत. अमुक इतके चिलखती स्वार, अमुक इतके धनुर्धर, इतक्या महिन्यांसाठी, इतक्या दराने. चिलखती स्वाराला दिवसाला १२ पेन्स आणि घोड्यावरून प्रवास करणाऱ्या धनुर्धराला ६ पेन्स असा दर ठरून गेला होता. हा धनुर्धर लढायला मात्र खाली उतरे. ६ पेन्स हा कुशल कारागिराच्या रोजापेक्षा कमी नव्हता, त्यामुळे लाँगबोवाला म्हणजे जुलमाने धरून आणलेला अडाणी शेतमजूर, ही समजूत निदान इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाच्या उत्तरार्धाला लागू पडत नाही. १४१५ च्या करारांत प्रत्येक चिलखती माणसामागे तीन धनुर्धर हे प्रमाण होते. धनुर्धर स्वस्त पडत आणि इंग्लंडकडे फ्रान्सइतके सरदार नव्हते, ही दोन कारणे त्या प्रमाणाच्या मागे आहेत. शस्त्राचे सामर्थ्य हे तिसरे कारण.

या हजेरीपटांमुळे संख्येचे जुने वाद नव्याने उघडले आहेत. आझँकूरला हजर असलेल्या एका पाद्र्याने इंग्रज सैन्यात ९०० चिलखती आणि ५,००० धनुर्धर सांगितले, आणि फ्रेंच सैन्य अफाट असल्याचे लिहिले. ॲन करी या इतिहासकारांनी पगाराच्या नोंदींवरून इंग्रजांचा आकडा सुमारे ८,५०० वर नेला आणि फ्रेंचांचा १२,००० च्या आसपास आणला. इतर काही इतिहासकारांना फ्रेंचांचा हा आकडा फारच कमी वाटतो. वाचकाने यातला कोणताही एक आकडा पाठ करण्यापेक्षा तो कोणत्या कागदावरून आला, एवढे शेजारी लिहून ठेवावे.

आता रणांगण

लढाईचे वर्णन वाचण्याआधी ते कोणी आणि केव्हा लिहिले ते पाहावे. क्रेसीचे वर्णन ज्याच्या नावाने सर्वत्र दिले जाते तो फ्रुआसार लढाईच्या वेळी साधारण नऊ वर्षांचा मुलगा होता, आणि त्याने आधीच्या लेखकाच्या मजकुरावर आपला मजकूर रचला. त्याच्या ग्रंथाच्या सुंदर सचित्र प्रती पंधराव्या शतकातल्या आहेत. त्यांतली चिलखते चित्रकाराच्या काळाची आहेत, आणि दोन्ही बाजूंचे धनुर्धर पाच-सात पावलांवर समोरासमोर उभे दिसतात ते पानात जागा तेवढीच असल्यामुळे. याउलट लट्रेल साल्टर या १३२५ ते १३४० च्या सुमारच्या हस्तलिखितात मातीच्या ढिगावर सराव करणारे गावकरी काढलेले आहेत. त्यांत लढाई नाही, पण काळ क्रेसीच्या पिढीचा आहे, म्हणून धनुष्याच्या लांबीविषयी ते चित्र अधिक विश्वासार्ह मानावे.

मग साधा गुणाकार करावा. ५,००० धनुर्धर धरले आणि प्रत्येकाजवळ दोन जुड्या, म्हणजे ४८ बाण धरले, तर एकूण २,४०,००० बाण होतात. जड धनुष्यातून मिनिटाला सहा बाण हा बेताचा वेग धरला तरी हा साठा आठ मिनिटांत संपतो. लढाया तासन्‌तास चालत. म्हणजे ‘दिवसभर बाणांचा पाऊस पडत होता’ असे वाक्य आले की बाणांच्या गाड्या मागे होत्या का, मारा अधूनमधून होत होता का, की धनुर्धर पुढे हातघाईला उतरले, हे विचारणे भाग आहे. आझँकूरच्या बाबतीत तिसरे उत्तर समकालीनांनीच दिले आहे: धनुष्ये टाकून हे लोक कुऱ्हाडी, खंजीर आणि खुंट ठोकायचे मोठे हातोडे घेऊन चिखलात रुतलेल्या चिलखती माणसांवर तुटून पडले.

चिलखत भेदले जाई का, हा वाद इंटरनेटवर कधी संपत नाही. एका लढाईचे उत्तर दुसऱ्या लढाईला लावू नये, एवढे पथ्य पाळले तर तो पुष्कळसा सुटतो. प्वातिएला पुढून चिलखत चढवलेल्या घोड्यांवरून बाण घसरून जात होते, म्हणून धनुर्धरांना बाजूला नेऊन उघड्या कुशींवर मारा करवला, असे एका समकालीन इतिवृत्तकाराने लिहिले आहे. २०१९ साली इंग्लंडात झालेल्या एका चाचणीत १६० पौंडांच्या धनुष्यातून २५ मीटरवरून सोडलेले बाण त्या काळच्या नमुन्यावर घडवलेल्या छातीच्या पत्र्यातून पार गेले नाहीत. त्यांचे तुकडे मात्र वर, गळ्याच्या दिशेने उडाले. चेहऱ्यावरची झडप खाली ओढून, मान खाली घालून, नांगरलेल्या ओल्या शेतातून काही शे पावले चालत येणारा माणूस आणि त्याच्यामागून ढकलणारी गर्दी, हे चित्र या माहितीला जोडले की बाणाने प्रत्येकाला ठार करण्याची गरज नव्हती हे लक्षात येते. घोडे बिथरवणे, रांगा एकमेकांत घुसवणे, माणसांना अरुंद जागेत दाटवणे, हे काम बाण करत होते. त्यासाठी डोंगराचा उतार, दोन्ही बाजूंची झाडी किंवा रोवलेले खुंट यांपैकी काहीतरी हवे असे. ते नसेल तर काय होते हे पाहण्यासाठी १३१४ चे बॅनकबर्न आणि १४२९ चे पाते या दोन लढाया मुद्दाम वाचाव्यात. पहिलीत स्कॉटिश घोडदळाने धनुर्धरांना उधळून लावले. दुसरीत खुंट रोवून होण्याआधीच फ्रेंच स्वार येऊन धडकले आणि इंग्रजांची कत्तल झाली. विजयांच्या यादीत या दोन नावांना जागा न देणारे पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही.

वाऱ्याचाही विचार करावा. २९ मार्च १४६१ रोजी टॉवटन येथे, लँकेस्टर आणि यॉर्क या राजघराण्यांच्या यादवीत, दोन्हीकडे इंग्रजच होते आणि दोन्हीकडे तेच धनुष्य होते. लँकेस्टरच्या बाजूच्या तोंडावर बर्फ आणि वारा येत असल्याने त्यांचे बाण तोकडे पडले, आणि यॉर्कच्या धनुर्धरांनी मारा करून मागे सरून तेच पडलेले बाण उचलून परत सोडले, अशी कथा सांगितली जाते. शेवटचा तपशील रंगवलेला असू शकतो. वाऱ्याचा परिणाम मात्र कोणालाही मोकळ्या मैदानात धनुष्य घेऊन तपासून पाहता येतो.

दोन बोटांच्या खुणेची गोष्ट वाचकाला कुठे ना कुठे भेटतेच: फ्रेंच लोक पकडलेल्या धनुर्धरांची बोटे तोडत, म्हणून इंग्रज दोन बोटे दाखवून त्यांना चिडवू लागले. त्या काळच्या लेखनात सापडते ते एवढेच, की शत्रू तुमच्या उजव्या हाताची तीन बोटे कापण्याची भाषा करतो आहे, असे पाचव्या हेन्रीने लढाईआधी आपल्या धनुर्धरांना सांगितले. राजा सैन्याला चेतवण्यासाठी बोलत होता, बोटे तीन आहेत, आणि खुणेचा उल्लेख नाही. अशी गोष्ट आली की तिचे तीन तुकडे वेगळे करून प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा मागावा.

शेवट कुठे मानावा

लाँगबो बंदुकीपुढे हरला, हे वाक्यही याच रीतीने तपासावे. १५४५ साली रॉजर ॲस्कमने धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ हे पुस्तक लिहून आठव्या हेन्रीला सादर केले, आणि त्याच वर्षी मेरी रोझ तोफा, बंदुका आणि धनुष्ये एकत्र घेऊन बुडाले. म्हणजे दोन्ही शस्त्रे दीर्घ काळ शेजारी नांदत होती. त्या काळची बंदूक वेगाने चालत नव्हती आणि तिचा नेमही धड नव्हता. पण ती हाती घेणाऱ्याला सातव्या वर्षापासून तयार करावे लागत नव्हते. १५४१ च्या कायद्याने २४ वर्षांवरील पुरुषाला हलक्या, दूर पल्ल्याच्या बाणाने २२० यार्डांच्या, म्हणजे सुमारे २०० मीटरच्या आत नेम धरायला मनाई केली होती. तोवर लोकांना जवळच्या लक्ष्यावर करमणुकीपुरते खेळणे आवडू लागले होते, असा त्याचा अर्थ होतो. लाकूड महाग झाले होते, सराव ओसरला होता, आणि जड धनुष्य ओढणारी माणसे दरवर्षी कमी भरत होती. १५९५ साली राणी एलिझाबेथच्या मंत्रिमंडळाने प्रशिक्षित दलांतून धनुष्य काढून टाकण्याचा हुकूम दिला, तेव्हा त्या दलांच्या हजेरीपटांत धनुर्धरांच्या जागी बंदूकवाले लिहिणे बऱ्याच परगण्यांत आधीच सुरू झालेले होते.